चार ओळींची बातमी

आज एका जुन्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता. गडी मंत्र्याच्या कार्यालयात चाललाय. समोसे खाता खाता कोणीतरी म्हणालं, "पत्रकार शेवटी सत्तेच्याच मांडीवर बसतो." सगळे हसले. मीही हसलो. घरी पोचेपर्यंत मात्र डोकं तापलं.

कारण मला नबील अम्र आठवला, पॅलेस्टाइनचा पत्रकार आणि राजकारणी.

जुलै २००४, माझी रात्रपाळी. पॅलेस्टाइनमधल्या रामल्लाहहून बातमी आली: टीव्हीवर मुलाखत देऊन परतलेल्या माजी माहितीमंत्र्यावर राहत्या घरी गोळ्या झाडल्या. मी हौसेनं तीनशे शब्द लिहिले. वरिष्ठ म्हणाले, "याला इथं कोण ओळखतं? चार ओळी घे." घेतल्या!

त्या चार ओळींत काय मावणार होतं? हा माणूस पीएलओच्या, म्हणजे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या रेडिओवरचा, पुढे मॉस्कोत राजदूत, मग पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांच्याच मंत्रिमंडळात. २००२ मध्ये मंत्रिपद सोडलं आणि सप्टेंबरात थेट अराफातना जाहीर पत्र लिहिलं. कॅम्प डेव्हिडची इस्रायलबरोबरची शांतता बोलणी फिसकटली तेव्हा आपण आनंदानं नाचलो नव्हतो का, असं त्यात विचारलं. शत्रूला शिव्या घालायला काय लागतं हो? आपल्याच नेत्याला, आपल्याच लोकांदेखत हे विचारायचं म्हणजे छाती लागते. तेव्हाही घरावर गोळीबार झालाच होता. तरी २००३ मध्ये पंतप्रधान महमूद अब्बास यांच्या मंत्रिमंडळात माहितीमंत्री झाला, आणि बोलायचा थांबला नाही. २००४ च्या त्या गोळ्यांनी पाय गेला. कापावा लागला.

हो, तो संत नव्हता. आयुष्यभर अराफातांच्या फतह पक्षाचाच माणूस, पदंही घेतलीच. मान्य. पण पुढे कैरोत राजदूत झाला, आणि २००९ मध्ये गाझा युद्धावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या गोल्डस्टोन अहवालावरचं मतदान पॅलेस्टिनी नेतृत्वाच्या संमतीनं पुढे ढकललं गेलं तेव्हा अध्यक्ष झालेल्या अब्बास यांच्यावरही जाहीर तुटून पडला. एका पायावर उभा राहून! आणि आपण? दोन्ही पाय शाबूत असून 'चार ओळी घे' म्हटल्यावर मुकाट घेतो. मी घेतल्या होत्या, म्हणून तर एवढा चिडलोय. वरिष्ठांवर नाही. बिचाऱ्यांना पान छपाईला सोडायचं होतं.

मित्रा, तू हे वाचतोयस, माहितीये मला. मघाशी त्या विनोदावर तू एकटाच हसला नाहीस. मी हसलो, त्याबद्दल सॉरी. उद्या फोन करतो. ते तीनशे शब्द कुठल्या तरी वहीत आहेत, सापडले तर वाचून दाखवतो.