लपवायचंय काय आपल्याला?

"आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हे वाक्य रोज सकाळी दात घासताना म्हणत चला. माहिती जपणं ही मोठ्या लोकांची थेरं. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण हक्क मिळाला म्हणून वापरलाच पाहिजे असं थोडंच आहे?

सुरुवात झेरॉक्सच्या दुकानापासून करा. आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. तो ती कॉम्प्युटरवर उतरवेल, प्रिंट काढेल, पैसे घेईल. फाईल मात्र तिथेच राहील. 'डाउनलोड्स'मध्ये, अकरावीच्या प्रवेशाला आलेल्या पोरांच्या दाखल्यांशेजारी. ती पुसा म्हणून सांगू नका, बरं दिसत नाही. माणूस ओळखीचा, आणि मागे रांग. फाईलला पासवर्ड असतो याची धास्ती वाटत असेल तर तीही सोडा. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, झालं! नाव तुमच्या प्रोफाइलवर आहेच. जन्मसालासाठी चौकातला फ्लेक्स बघायचा: 'दादांना 50 व्या वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा'. वजाबाकी तिसरीतल्या पोरालाही येते. तरीही दुकानदाराला पासवर्ड खणखणीत आवाजात सांगा, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे.

फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं 'मास्क्ड आधार' फुकट मिळतं, पण ते दिलं तर समोरचा आपल्याला शिष्ट समजेल. दुकानातही 'मोबाईल नंबर?' असं विचारलं की घडाघडा सांगून टाका. नंबरासाठी ग्राहकाला अडवू नका, असं केंद्राने 2023 मध्येच दुकानदारांना कळवलंय, पण काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत कोण घालणार?

कुणी म्हणेल, अशा सुट्या सुट्या गोष्टींनी काय होतंय? बरोबर. दूरसंचार नियामक 'ट्राय'चे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनाही तसंच वाटलं असावं. 2018 मध्ये त्यांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर टाकून 'करा काय करायचं ते' असं आव्हान दिलं. लोकांनी त्यांचा मोबाईल नंबर, पत्ता, जन्मतारीख शोधून काढली. कुणी खात्यावर एक रुपया जमाही केला. यातलं काहीही आधारच्या भांडारातून गेलेलं नाही, सगळं आधीपासून इंटरनेटवर होतंच, असा आधार प्राधिकरणाने खुलासा केला. हे ऐकून सर्वांना फार हायसं वाटलं.

उद्या 'सायबर पोलिसां'चा व्हिडिओ कॉल येईल. साहेब तुमचं पूर्ण नाव, आधारचे आकडे, मुलगी कुठल्या कॉलेजात शिकते ते सांगतील. मुलीचा प्रवेश झाला तेव्हा गेटसमोरचा फोटो तुम्हीच टाकला होता, हे त्या क्षणी आठवायचं नाही. एवढं माहीत आहे म्हणजे साहेब खरेच! मग ते कॉलवरच 'अटक' करून सुटकेसाठी पैसे मागतील. कायद्यात अशी 'डिजिटल अरेस्ट' वगैरे काही नसते, हे खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. पण पंतप्रधान काही आपल्याला नावाने हाक मारत नाहीत.

पैसे गेले, की 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा असतो. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येते. तुम्ही तसली घाई करू नका. दोन दिवस घरातसुद्धा कुणाला सांगू नका. लोक काय म्हणतील? शेवटी माणसाला काही खासगी आयुष्य आहे की नाही!