धोंडिबा हंटरसाहेबांपुढे का गेला नाही

सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा सारांश आधी देतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं इंग्रजी निवेदन आणि १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' मी मागच्या लेखात एका पंगतीला बसवले, हे तुम्हाला रुचलेलं नाही. निवेदन मुद्देसूद, असूड विस्कळीत आणि शिवराळ, 'खुद्द विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्याच्या भाषेला नावं ठेवली होती', असं तुम्ही म्हणता. आणि हेतू, वाचक, आकृतिबंध असे रकाने पाडणं दहावीच्या पेपरात ठीक, लेखात नको, असा टोलाही आहे.

आधी माझी चूक. निवेदनाला मी 'थंड' म्हटलं होतं, ते मागे घेतो. मुलांना बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मास्तरला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात १५ ते २० द्या, मोडी, बाळबोध, हिशेब यांच्या जोडीला शेतीचं आणि आरोग्याचंही शिकवा, हे त्या काळी सरकारला लिहून देणाऱ्याला थंड म्हणायचं तरी कसं?

पण हे रुपये तिथे का आले? वाचणारा साहेब होता आणि त्याचा विषय शिक्षण एवढाच होता. त्याला आकडा दिला तर शेरा मारून कागद पुढे सरकतो. म्हणून जोतीराव सुरुवातीलाच आपण पुण्यात शाळा काढल्या, चालवल्या, हा अनुभव सांगतात आणि सहीखाली व्यापारी, शेतकरी, म्युनिसिपल कमिशनर अशी ओळख देतात. असूडात यातलं काहीच लागत नाही. हडपसरच्या शेतकऱ्याला म्युनिसिपल कमिशनरचं काय कौतुक!

आता माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट. या निवेदनात जोतीराव स्वतःच्याच 'गुलामगिरी'तला (१८७३) उतारा देतात. कुठला? पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेतला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर उधळला जातो, हा त्यातला मुद्दा. मूळ मराठी पुस्तक मात्र धोंडिबा आणि जोतीराव यांच्या सवाल-जबाबाचं आहे. धोंडिबा विचारतो, शंका काढतो, जोतीराव उत्तर देतात. तो धोंडिबा निवेदनात कुठेच नाही. एकाच पुस्तकाला दोन दारं ठेवलेली होती आणि साहेबाला कुठल्या दारानं घ्यायचं, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा रकाने मी पाडलेले नाहीत, सर. १८६९ च्या शिवाजी महाराजांवरच्या पोवाड्याच्या प्रस्तावनेतच ते सांगून टाकतात, की हा कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून लांबलचक संस्कृत शब्द घातलेले नाहीत. हेतू, वाचक आणि भाषा, तिन्ही तिथेच आले.

चिपळूणकरांबद्दल एक दुरुस्ती. ते मार्च १८८२ मध्ये वारले, असूडाची प्रस्तावना जुलै १८८३ ची आहे. त्यांनी झोडपली ती आधीची पुस्तकं. शिवाय त्यांचा वाचक 'निबंधमाला' हे त्यांचं मासिक घेऊन घरी बसून वाचणारा. असूड जोतीरावांनी गावोगाव स्वतः वाचून दाखवला, बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवला. छपाईचं म्हणाल तर 'दीनबंधू' या वृत्तपत्रात पहिली दोन प्रकरणं आली आणि पुढची अडली.

कानासाठी लिहिलेलं डोळ्यांनी वाचलं की विस्कळीत वाटतं, हा माझा स्वतःचा अनुभव. कॉलेजात असताना त्या अर्ध्या-अर्ध्या पानाच्या वाक्यांना कंटाळून मी असूड मिटून ठेवला होता. गेल्या दिवाळीत गावी अण्णांना मोतीबिंदूमुळे वाचता येईना, म्हणून मोठ्यानं वाचायला घेतला. सरकारी कामगार शेतकऱ्याला कसे नाडतात ते चाललं होतं. वाक्य संपता संपेना, मला दम लागला, पण अण्णा दर टप्प्याला मान हलवत होते. वाक्य संपल्यावर म्हणाले, "तलाठ्याचं नाव तेवढं घालायचं राहिलं." माझ्या डोळ्यांना जे पाल्हाळ वाटलं होतं, ती त्यांच्या कानाला यादी होती. एक-एक कलम, ओळखीचं. 'विद्येविना मति गेली' हे आपण शाळेत घोकलं तेही असूडाच्या सुरुवातीचंच. निवेदनात अशी एक ओळ टाकली असती तर साहेबानं तिचं काय केलं असतं?

शिवराळ म्हणता, तर काही ठिकाणी आहे. अख्ख्या जातीला एका दावणीला बांधणारी काही वाक्यं मलाही खटकतात, ती मी सारवून घेणार नाही. पण लष्करातल्या आणि पोलिसांतल्या फाजील शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्या, पावसाचं पाणी शेतात मुरवा, ही योजनाही त्याच पुस्तकात आहे. तिला विस्कळीत कसं म्हणणार?

एक मात्र तुमचं खरं. दोन्हींत 'एकच मागणी' आहे असं मी लिहिलं होतं. ते सैल होतं. निवेदन शाळेपुरतं बोलतं, असूड शेत, पाणी, कर्ज, कोर्ट सगळ्याला हात घालतो. ते वाक्य आणि 'थंड' हा शब्द, दोन्ही आज रात्री मूळ लेखात दुरुस्त करतो. 'पंगत' मात्र तशीच राहू देतो.