खुलासा : रुबेलाची लस मुलग्यांनाही हवीच

नाशिकच्या सिडको-सातपूरमधल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : "रुबेला मुलींचा आजार, मुलाला दुसरा डोस नाही दिला तरी चालतो." हे साफ चुकीचं आहे.

मुलाला रुबेला झाला तर थोडा ताप, बारीक पुरळ, कानामागे गाठी. घरच्यांना पत्ताही लागत नाही. पण त्याच घरात आई दोन महिन्यांची गरोदर असेल तर? पोटातल्या बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष होऊ शकतो. गरोदरपणी ही लस देता येत नाही, म्हणून आजूबाजूच्यांनी ती घेतलेली असणं हेच तिचं कवच.

अर्धवट लसीकरण, म्हणजे थोड्याच मुलांना लस देणं, तर जास्त घातक. लागण कमी होते, मुली ती न होताच मोठ्या होतात आणि आजार ऐन बाळंतपणाच्या वयात गाठतो. ग्रीसमध्ये १९९३ साली हेच घडलं. म्हणूनच लसीकरणाची टक्केवारी मोजतात, ताप-पुरळ आलेल्यांचं रक्त तपासतात. कुणी नमुना घ्यायला आलं तर नाही म्हणू नका.

काल पंचवटीत एका आजीनं नातवाचं लसीकरणाचं कार्ड उलगडलं : नवव्या महिन्याच्या पहिल्या डोसची नोंद आहे, १६ ते २४ महिन्यांचा, म्हणजे दुसऱ्या डोसचा रकाना कोरा. नातू अडीच वर्षांचा. "आता उशीर झाला ना गं?" नाही आजी, राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत मिळतो, सरकारी केंद्रात मोफत.