चिन्ह राहू द्या, पण पुस्तिकाही द्या

महाराष्ट्रात निवडणूक आली की झुरिकमधल्या आमच्या मराठी मंडळींत एक वाद हटकून निघतो: आता लोक शिकले, मग मतदानयंत्रावर चित्रं कशाला? साताऱ्याच्या निकालानंतर तो जास्तच तापला. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. तिथेच एका अपक्षाला पिपाणीचं चिन्ह मिळालं आणि चिन्हांच्या मराठी यादीत त्याचं नाव 'तुतारी' असं छापलं गेलं. अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. पक्षाचा उमेदवार सुमारे ३२ हजारांनी हरला. मतं चुकून तिकडे गेली, असं पक्षाचं म्हणणं.

म्हणून चिन्हंच काढा, हे मात्र मला अजिबात पटत नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी होती आणि तिच्यावर त्याचं चिन्ह डकवलेलं असे. अक्षरओळख नसलेल्या बाईने बैलजोडी बघून टाकलेलं मत वकिलाच्या मताइतकंच मोजलं गेलं. २०११ च्या जनगणनेतही महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्केच होती. उरलेल्यांना आपण दारातूनच परत पाठवायचं का?

इथे स्वित्झर्लंडमध्ये सार्वमताच्या मतपत्रिकेवर एकही चित्र नसतं. बहुतेक ठिकाणी मतदार हाताने 'हो' किंवा 'नाही' लिहितो. त्याआधी किमान तीन आठवडे सरकारची लाल पुस्तिका घरी येते. १९७८ पासूनची ही पद्धत. माझी मुलगी आता इथली नागरिक आहे, तिच्या नावाने येते. प्रस्तावाचा मजकूर, तो मांडणाऱ्यांची बाजू, सरकारची बाजू, सगळं एकाच ठिकाणी.

तरी इथेही चित्र भारी पडतं. २००९ मध्ये मशिदींच्या मिनारांवर बंदी घालावी का, यावर मतदान झालं. देशभरात मिनार होते चार. बंदीवाल्यांच्या पोस्टरवर मात्र स्विस झेंड्यातून क्षेपणास्त्रांसारखे काळे मिनार वर आलेले, शेजारी बुरख्यातली बाई. बाझल आणि लोझान शहरांनी ते पोस्टर लावू दिलं नाही. सरकार आणि संसद दोघांनीही 'नाही' म्हणा असं सांगितलं होतं. ५७.५ टक्के लोकांनी 'हो' लिहिलं. मला ते फार लागलं, आजही लागतं. पण दुसरी बाजू घराघरात पोचली होती, एवढं तरी खरं.

आपल्याकडे तीच पोचत नाही. यंत्रावर नाव, चिन्ह, २०१५ पासून फोटोही. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. हे सगळं 'कोण' एवढंच सांगतं. उमेदवाराची मालमत्ता, त्याच्यावरचे गुन्हे शपथपत्रात असतात, पण ती मतदाराने शोधत बसायची. 'निवडून आलो तर काय करीन' हे तर निवडणूक आयोगाच्या कुठल्याच कागदावर नसतं.

बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचे स्थानिक अधिकारी, मतदार-चिठ्ठी द्यायला घरी येतातच. तिच्यासोबत चार पानं द्यावीत: प्रत्येक उमेदवाराला सारखीच जागा, मजकूर त्याचा स्वतःचा, शपथपत्रातले ठळक तपशील, वर चिन्ह. आयोगाने फक्त छापायचं. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सातबाऱ्याचं होतं तसं या पानांचंही गावात चावडीवाचन व्हावं, उमेदवारांना समोर बसवून.