‘चारचौघांत मिसळा, भीती आपोआप जाईल’ या दाव्याचा प्रतिवाद

सोशल अँक्झायटीविषयी, म्हणजे लोकांसमोर वावरण्याच्या तीव्र भीतीविषयी, एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : हा आजार नव्हेच, लाजाळूपणाला औषध कंपन्यांनी दिलेले ते भारदस्त नाव आहे, अशा माणसाला चारचौघांत ढकलले की भीती मोडते, गोळ्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत, आणि काहीच केले नाही तरी वयाबरोबर सगळे ठीक होते. यातल्या बहुतेक विधानांत सत्याचा थोडा अंश असल्यामुळेच ती पटकन पटतात.

औषध कंपन्यांवरचा आरोप आधी घेऊ. लोकांसमोर वावरण्याची ही भीती इतर भयगंडांपेक्षा वेगळी आहे, हे ब्रिटनमधील मानसोपचारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी 1966 मध्येच दाखवले होते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 च्या निदान-पुस्तिकेत तिला स्वतंत्र स्थान दिले. या विकारासाठी पॅरोक्सेटिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1999 मध्ये. त्यानंतर जाहिरातींचा धडाका उडाला आणि त्यात अतिशयोक्ती होती, हे मान्यच करायला हवे. पण जाहिरातींच्या कितीतरी आधी निदान अस्तित्वात होते.

लाजाळूपणाचे म्हणाल, तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वतःला लाजाळू म्हणवणाऱ्या किशोरवयीनांपैकी जेमतेम 12 टक्के या विकाराच्या निकषांत बसले. लाजाळू मूल नव्या लोकांत थोडा वेळ गप्प राहते आणि मग रुळते. विकारात मात्र लोक आपल्याला जोखतील आणि कमी लेखतील ही भीती साधारण सहा महिने किंवा अधिक काळ टिकते, प्रसंगाच्या मानाने फारच मोठी असते आणि शिक्षण, नोकरी, नातेसंबंध यांत अडथळा आणते.

सर्वाधिक नुकसान करणारा दावा चारचौघांत ढकलण्याचा आहे, कारण तो उपचाराच्या अगदी शेजारून जातो. भीतीला सामोरे जाणे हा उपचाराचा गाभा आहे, यात शंका नाही. पण नुसते मिसळल्याने भीती जात असती, तर रोज वर्गात आणि कचेरीत बसणाऱ्या या माणसांची ती केव्हाच गेली असती. ती का जात नाही, याचे सर्वांत समाधानकारक उत्तर डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये मांडले. बैठकीत आपली पाळी जवळ येत चाललेल्या व्यक्तीकडे पाहा. ती पहिले वाक्य मनात घोकत असते, त्यामुळे इतर काय बोलतात ते तिच्या कानांवरून जाते; हात थरथरताना दिसू नये म्हणून ती पेला दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि त्या घट्ट पकडीनेच थरथर वाढते; पाळी आली की कागदात डोके घालून ती भराभर वाचून मोकळी होते. सगळे सुरळीत पार पडते, पण मनात नोंद होते ती ‘मान खाली घातली म्हणून निभावले’ अशी. रात्री अंथरुणात त्याच पाच मिनिटांची उजळणी चालते. असे शंभर प्रसंग पार पडले, तरी भीती खोटी ठरण्याची संधी एकदाही मिळत नाही.

म्हणून क्लार्क-वेल्स यांच्या या मांडणीवर आधारलेल्या सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचारात, आधी भाकीत लिहून घेतात : ‘हात थरथरेल आणि सगळे हसतील.’ मग पेला मुद्दाम एका हातात धरायचा, नजर वर करायची, स्वतःकडचे लक्ष काढून समोरच्यांकडे न्यायचे आणि प्रत्यक्षात काय घडले ते भाकिताशी ताडून पाहायचे. बोलताना स्वतःचे केलेले चित्रीकरण दाखवले की मनातली ‘थरथरणारी’ प्रतिमा आणि पडद्यावरचा बऱ्यापैकी शांत माणूस यांतली तफावत अनेकांना थक्क करते. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी अशी वैयक्तिक सीबीटी हाच पहिला पर्याय आहे. क्लार्क-वेल्स पद्धतीत साधारण चार महिन्यांत दीड-दीड तासाची 14 सत्रे होतात. एखाद्याला बेसावध गाठून व्यासपीठावर उभे करणे यात बसत नाही. माझ्या मते तो उपचाराच्या नावाखाली केलेला छळ आहे.

गोळ्यांविषयीची भीती दोन वेगळ्या औषधगटांची सरमिसळ केल्याने पसरते. सवय लागण्याचा खरा धोका चिंता तात्पुरती शमवणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांत आहे आणि म्हणूनच त्या या विकारात सर्रास देऊ नयेत, असे ती मार्गदर्शिका सांगते. या विकारात सहसा दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या गटातल्या एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिन या गोळ्यांची तशी चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि चांगला गुण आल्यावरही त्या सहसा आणखी सहा महिने चालू ठेवतात. त्या एकदम थांबवल्यास चक्कर, मळमळ, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते. तरुण रुग्णांत सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार येत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावे लागते. गंमत म्हणजे, गोळीला घाबरणारे अनेक जण समारंभाआधी मद्याचे दोन घोट घेऊन धीर आणतात, आणि त्याची सवय मात्र खरोखर लागते.

राहिला वयाचा मुद्दा. हा विकार बहुधा 8 ते 15 या वयात सुरू होतो आणि उपचारांविना अनेकांत वर्षानुवर्षे टिकतो. पाश्चात्त्य देशांतही रुग्णांपैकी सुमारे निम्मेच कधीतरी मदत घेतात, आणि तीही त्रास सुरू झाल्यावर 15 ते 20 वर्षांनी. तोपर्यंत कोणता विषय घ्यायचा, कोणती मुलाखत टाळायची आणि कोणती बढती नाकारायची, हे निर्णय होऊन गेलेले असतात.