डांबरी रस्ता असताना

पुण्याच्या ऑफरोडिंगवाल्यांना, म्हणजे चांगला रस्ता सोडून मुद्दाम चिखलादगडांत मोटरसायकल घालणाऱ्यांना, डांबराची भयंकर भीती वाटते. आठवडाभर सॅटेलाइट मॅपवर डोळे फोडून कुठलीतरी मातीची पिवळट रेघ शोधायची, रविवारी उजाडायच्या आत घर सोडायचं आणि तिथं पोचल्यावर बघायचं तर ताजं काळंकुळीत डांबर, कडेला खडीचा ढीग आणि रोलरच्या सावलीत झोपलेलं कुत्रं. माझा मेव्हणा अशा वेळी हेल्मेट काढतो आणि "गेला दाजी, हा पण गेला" म्हणतो, सुतकात असल्यासारखा. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या नावाची आली, वाड्यावस्त्यांवर एसटी गेली, दूध वेळेत जायला लागलं, बाळंतिणीला झोळीतून न्यायचं थांबलं, सगळं छान झालं, पण आमच्या मेव्हण्याचं फार नुकसान झालं.

त्याच्याकडे एक्सपल्स आहे. दोनशे सीसी, पुढचं चाक एकवीस इंची, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, हे सगळं तो न विचारता सांगतो, लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्याला सांगितलं. सीटची उंची ८२५ मिलिमीटर हे मात्र तो भरभर म्हणून टाकतो कारण तो सहा फूट आहे आणि मी पाच फूट चार इंच. तर मला त्यानं सेकंडहँड हिमालयन घ्यायला लावली, जुनी चारशे अकरा सीसीवाली. सीट ८०० मिलिमीटर, वजन कागदावर १९९ किलो. ज्यानं विकली तो म्हणाला होता, "साहेब, चालताना वजन अजिबात जाणवत नाही." खरं आहे, चालताना नाहीच जाणवत. उभी करताना जाणवतं, वळवताना जाणवतं, आणि आडवी झाली की सगळ्या सोसायटीला जाणवतं.

आषाढात सगळ्यांनी मिळून माझ्या सासरवाडीला जायचं ठरलं. सासरवाडी वेल्ह्याच्या पुढं, केळदच्या बाजूला. तोरणा मागं टाकला की पावसाळ्यात तिकडं डोंगर कुठं संपतो आणि ढग कुठं सुरू होतो काही कळत नाही. गावापर्यंत मस्त डांबरी रस्ता आहे. पण मेव्हण्याला लहानपणची जुनी गाडीवाट आठवली, खालून ओढ्यातून वर चढणारी, ज्यावरनं एके काळी बैलगाड्या जायच्या आणि आता फक्त म्हशी जातात. बायको म्हणाली, "अरे, बाबांनी त्या रस्त्यासाठी किती चपला झिजवल्यात, आणि तुम्ही तो सोडून खालून जाणार?" मेव्हणा म्हणाला, "ताई, तुला थ्रिल कळत नाही." मी काहीच म्हणालो नाही, कारण एकीकडं बायको आणि दुसरीकडं बायकोचा भाऊ असं असताना जावयानं हेल्मेटची काच पुसत राहावं.

बरोबर बँकेतला एक मित्र होता. याच्या अंगावर गाडीच्या निम्म्या किमतीचा माल. छातीला आर्मर, गुडघ्यांना गार्ड, गुडघ्यापर्यंत बूट, आणि ते बूट इतके कडक की चहाच्या टपरीवर त्याला बसता येईना, उभ्यानंच वडापाव खाल्ला बिचाऱ्यानं. आणि आतेभाऊ आणि त्याची बायको, साध्या युनिकॉर्नवर, डब्यांची पिशवी घेऊन, त्यांना आपण जेवायला चाललोय एवढंच माहीत.

डांबर सोडल्यावर मेव्हण्यानं सगळ्यांना थांबवून टायरमधली हवा कमी करायला लावली. अठरा-वीस पीएसआयवर आणायची, मग टायर पसरतं आणि चिखलात पकड मिळते. बरोबर आहे ते. परत भरायची कशी हे कुणी विचारलं नाही, कारण पाठीवर पाणी प्यायची नळीवाली बॅग असलेल्या माणसाकडं पंप असणारच असं आपण धरून चालतो. मग त्याचं लेक्चर. उभं राहून चालवा, टाकी गुडघ्यांत दाबा, क्लचवर एकच बोट, आणि नजर कायम लांब, जिथं जायचंय तिथं. दगडाकडं बघाल तर दगडावरच जाल. हे शंभर टक्के खरं आहे, एकदा का एखादा दगड डोळ्यात भरला की दोनशे किलोची गाडी वरातीतल्या घोड्यासारखी नेमकी तिथंच जाऊन उभी राहते.

पहिल्यांदा बँकवाला पडला. जोरात वगैरे नाही, हळूच, कलंडला म्हणा. आमच्यात एक नियम आहे, माणूस शाबूत असेल तर आधी फोटो आणि मग गाडी. मेव्हण्यानं तीन कोनांतून फोटो काढले. मग उचलणं. हे एक शास्त्रच आहे. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा, नाहीतर उचलण्याच्या जोशात ती पलीकडं आडवी होते आणि परत पहिल्यापासून. गिअरमध्ये टाकायची म्हणजे चाक फिरत नाही. मग गाडीकडं पाठ करून सीटला ढुंगण लावायचं, एका हातात हँडल, दुसरा हात मागच्या ग्रॅब रेलला, आणि पायांच्या जोरावर उलटं चालत जायचं. हे सगळं व्हिडिओत एक सडपातळ बाई एकटीनं करून दाखवते. आमच्याकडं चार बाप्ये लागले आणि त्यातल्या दोघांची पाठ गेली.

उचलल्यावर गाडी सुरूच होईना. स्टार्टर दाबला, किल स्विच बघितला, प्लग ओला झाला असेल यावर आतेभावानं पाच मिनिटं मत दिलं. बांधावर म्हशीमागं उभा असलेला एक दहा-बारा वर्षांचा पोरगा हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "काका, चावी बंद करून परत चालू करा की. पडल्यावर ती आपसूक बंद व्हती." फ्युएल इंजेक्शनवाल्या बऱ्याच गाड्यांत तसा सेन्सर असतो खरा. चावी फिरवली, झाली सुरू. पोरगा म्हणाला, "मागच्या रविवारी आलेले त्यांची पण अशीच पडलेली," आणि म्हशीला घेऊन गेला.

यानंतर बायको माझ्यामागून उतरली ती उतरलीच. दर दगडाला "उतर" आणि दर दगडानंतर "बस" यापेक्षा चालत जाणं सोपं. ती आणि आतेवहिनी बांधाबांधानं निघाल्या. खाचरांत भाताची लावणी चाललेली, प्लॅस्टिकच्या खोळी पांघरलेल्या बायका रांगेनं वाकलेल्या. आम्ही एका चढावर मागचं चाक गरागरा फिरवत एकमेकांच्या तोंडावर लाल चिखल उडवत असताना या दोघी तिकडं रोपांचा मूठ कसा बांधतात ते शिकत होत्या. वहिनींच्या पोटरीला जळू लागली तर एका आजींनी तंबाखूची चिमूट लावून सोडवली सुद्धा. मग त्या आजींनी बायकोला जो प्रश्न विचारला तो पुढं दिवसभर अख्ख्या गावानं विचारला. "अगं, वरनं डांबरी रस्ता हाय की. चुकलाय व्हय?"

मध्येच उजव्या हाताला हिरवागार सपाट सडा, म्हणजे कातळाचं पठार, लागला. बँकवाल्याला तिथं गाडी घालून रील करायची होती. इथं मात्र मेव्हण्याला मानलं, त्यानं स्वच्छ सांगितलं की तिकडं चाक गेलं तर तू एकटा घरी. सड्यावर मातीचा थर बोटभर, त्यात पावसाळ्यापुरती उगवणारी बारीक फुलं, एकदा चाकोरी पडली की पाणी त्यातनंच वाहतं आणि माती घेऊन जातं. २०१२ पासून पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आहे ते काय आपण गाडीनं गोल गिरक्या मारून डोनट काढावेत म्हणून नाही. चिखल खायचाय ना, मग वाटेवरचा खावा.

ओढा आधी पायी चालत जाऊन बघायचा असतो. मेव्हणा गेला, पाणी त्याच्या गुडघ्याखाली. म्हणजे माझ्या गुडघ्यावर, पण हे गणित तेव्हा कुणी केलं नाही. मी पहिल्या गिअरमध्ये, नजर लांब, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा मध्यापर्यंत गेलो आणि पुढचं चाक शेवाळल्या गोट्यावरनं सरकलं. गाडी थांबली, मी डावा पाय खाली सोडला. पाय जात राहिला. उंच माणसांना हा अनुभव सांगून कळत नाही, जमीन आहे हे माहीत असतं, ती कुठंतरी खाली असणार यावर आपला विश्वास असतो, आणि तोपर्यंत आपण आडवे झालेले असतो. आषाढातलं पाणी गार असतं. वरून मेव्हण्याचा आवाज, "दाजी, हलू नका, फोटो!"

त्याच वेळी समोरच्या चढावरनं मोटरसायकलचा आवाज आला. जुनी स्प्लेंडर, मागं युरियाची गोणी, पायात चप्पल, डोक्यावर टोपी आणि टोपीवर प्लॅस्टिकची पिशवी. आमचे सासरे. त्या पोरानं जाऊन सांगितलं असणार. बसूनच आले, उभंबिभं न राहता, गोट्यांतून वाट काढत, ओढ्यात माझ्या शेजारी गाडी थांबवली आणि पाय टेकला. त्यांची उंची माझ्याएवढीच आहे, पण स्प्लेंडर बुटकी, शिवाय आमच्या गाडीपेक्षा ऐंशी-नव्वद किलोनं हलकी, या वाटेला लागतं ते एवढंच. मेव्हण्याला हे पटत नाही. तो म्हणतो तिला सस्पेन्शन ट्रॅव्हल नाही.

"जावईबापू, लागलं का कुठं?"

"नाही मामा."

"मग रस्ता बंद हाय का वरचा? दरड आली?"

"नाही मामा, रस्ता चांगलाय."

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या पोराकडं बघितलं, मग गोणी बांधलेला कासरा सोडला आणि गाडी ओढून काढली.

घरी मामींनी नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा सगळं केलेलं, पण जेवताना मामा गप्प. आम्हाला बघायला शेजारपाजारचे येत होते आणि प्रत्येक जण तेच विचारत होता, आणि मेव्हणा प्रत्येकाला थ्रिल समजावून सांगत होता. हात धुतल्यावर मामांनी फळीवरनं प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत ग्रामसभेचे ठराव, अर्जांच्या पोचा, "योग्य त्या कार्यवाहीसाठी" वाली पत्रं, कोपरे उंदरानं खाल्लेले. कितीतरी वर्षं एकेका कचेरीत बाकावर बसून आणलेला तो रस्ता. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण मामा म्हणाले, "तुमच्यासारखी लई येत्यात हल्ली खालनं, दर ऐतवारी?"

"येतात की बाबा, ग्रुपच्या ग्रुप येतात," मेव्हणा फुशारकीनं म्हणाला.

"सगळी पडत्यात?"

"पडतातच. त्याशिवाय मजा काय."

मामांनी मान डोलवली. निघताना हवा भरायला बसलो, पंप बँकवाल्याकडं होता, पण कारमध्ये, आणि कार पुण्यात. तसेच निम्म्या हवेवर डुलत डुलत वरच्या रस्त्यानं वेल्ह्यापर्यंत आलो आणि तिथं पंक्चरवाल्यानं पण विचारलं, खालनं आलाय व्हय.

पुढच्या आठवड्यात बायकोच्या मोबाइलवर मामांनी एका कागदाचा फोटो पाठवला, वाचून बघ म्हणून. ग्रामपंचायतीला दिलेला अर्ज, अक्षर सुरेख. "विषय : जुन्या गाडीवाटेचे खडीकरण व डांबरीकरण करणेबाबत. सदर वाटेवरून दर रविवारी पुण्याहून मोठ्या संख्येने वाहने ये-जा करीत असून वाटेची दुरवस्था झाल्याने वाहनधारकांचे अतोनात हाल होत आहेत. तरी ओढ्यावर मोरी बांधून मिळावी." सोबत पुरावा म्हणून एक रंगीत फोटो जोडलाय, ओढ्यात आडवी हिमालयन, हेल्मेटसकट मी. फोटो मेव्हण्यानंच पाठवला होता त्यांना, लाइक करायला.