तेच मॉडेल हवं म्हणून सांगा!

ऑफिसातला एचपी लेझरजेट १०२० अखेर निवर्तला असेल, तर दुसरा कुठलाही प्रिंटर घेण्याचा अविचार करू नका. मॉडेल २००५ चं, कंपनीने केव्हाच बंद केलेलं. तेच शोधा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा. 'महिन्याला किती पानं छापता?' असं दुकानदाराने विचारलं तर उत्तर टाळा. फक्त मॉडेल नंबर सांगा आणि 'कपाटात १२ए ची सहा कार्ट्रिज पडून आहेत हो' हेही बोलून टाका; १२ए म्हणजे याच मशीनची शाईच्या पावडरची कार्ट्रिज. माल यायचा बंद, नग उरलेत दोन-चार, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या कशाकडे बघायला तयार नाही! आता त्याने भाव कमी करावा तरी कशाला? चालू मॉडेल शेजारचाही ठेवतो, म्हणून त्याचा भाव दाबात राहतो. तुमच्या मॉडेलपुरता बाजारात शेजारीच उरलेला नाही.

ऑनलाइन दुप्पट किंमत दिसली तरी बिचकू नका. काही विक्रेते माल संपला की जाहिरात काढण्याऐवजी कोणी घेणारच नाही असा आकडा लावून ठेवतात. तुम्ही घ्या.

१२ए ला चिप नसते. १०० ग्रॅम पावडर भरली की साधारण २,००० पानं निघतात. लोक या मशीनला चिकटून आहेत ते उगाच नाही. पण जास्तीची किंमत किती हजार पानांनी वसूल होईल, हा भागाकार टाळा. वाय-फाय नाही, पाठपोट छापायचं तर गठ्ठा हाताने उलटायचा. शिपाई आहेच.

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून दुरुस्त केलेला, घेताना टेस्ट पेज मागू नका. मागितलंत तर निरखू नका. दर साडेसात सेंटीमीटरवर तोच ठिपका दिसला, तर ड्रमला ओरखडा आहे: ड्रम म्हणजे कागदावर पावडर उमटवणारा दंडगोल, व्यास २४ मिलिमीटर, त्याचा एक फेरा तेवढाच भरतो. अंगठा फिरवल्यावर अक्षरं पुसली गेली तर बहुधा फ्युजर, म्हणजे पावडर तापवून कागदावर पक्की करणारा भाग, गेलेला. ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, त्यामुळे पहिलं दुखणं कार्ट्रिज बदलून जातं. दुसऱ्याला मशीन उघडावं लागतं. विक्रेता दोन्हींवर 'पावडर बदला' म्हणेल. हो म्हणा.

शिवाय सीलबंद दोन नग जास्तीचे घ्या आणि खिडकीजवळच्या लोखंडी कपाटावर ठेवा. तिथे उन्हाने कागद आत ओढणाऱ्या पिकअप रोलरचं रबर कडक होत जाईल आणि मग तो कागदावर नुसताच घसरेल. म्हणून खोका उघडूच नका. चार वर्षांनी 'सीलपॅक, एकही पान न छापलेला' असं लिहून दीडपट भाव लावा. कपाटात १२ए ची सहा कार्ट्रिज घेऊन कोणीतरी बसलेला असतोच.